सवलत कोण कोणाला देतंय? मंगळवार पेठेतल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका जोडप्याचं आणि त्यांच्या घराचं. घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, जुनं, दोन मजली. खाली सोपा, म्हणजे बाहेरची बसायची जागा, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली. वर माडीवर नवरा-बायको आणि सात वर्षांची मुलगी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि नावं घातलेली नाहीत. गल्लीत सगळे त्यांना वहिनी आणि दादा म्हणतात, इथेही तेच चालवते.

वहिनी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करतात. ग्राहक ब्रिटनमधला, विमा क्षेत्रातला. लग्नानंतर दोघं पुण्यातच होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि थोड्या दिवसांसाठी म्हणून कोल्हापूरला आले. पुढे सासरे गेले. दादांनी भोसरीतली नोकरी सोडून शिवाजी उद्यमनगरातलं वडिलांचं मशीन शॉप हातात घेतलं, आणि वहिनींची नोकरी घरूनच चालू राहिली. कंपनीने नंतर सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं. वहिनींना अपवाद म्हणून घरून काम करायची परवानगी मिळाली. ती दर सहा महिन्यांनी मॅनेजरकडून नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. मध्यंतरी दादांनी कर्ज काढून नवं व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातूकामाचं मशीन बसवलं. त्याचा हप्ता वहिनींच्या पगारातून जातो. परवानगी सहा महिन्यांची आणि हप्ता पाच वर्षांचा, यात अर्धं प्रकरण आलं. पण पहिल्या भेटीत दोघांपैकी कोणीच ते काढलं नाही.

दोघं आले ते २०२४ च्या पावसाळ्यात. दादांचं म्हणणं, "ही घरी असते, पण घरात नसते." वहिनींचं म्हणणं, "दिवसभर काम करतो मी, आणि दोन्हीकडून ऐकून पण मीच घेतो." सासूबाई आल्या नव्हत्या. त्यांची बाजू दादांनीच सांगितली: गुडघे दुखतात, तरी संध्याकाळच्या भाकऱ्या त्यांच्याच गळ्यात.

अशा वेळी बहुतेक जण वेळापत्रक मागतात. वहिनींनीही मागितलं. मी दिलं नाही, कारण वेळापत्रक त्यांच्याकडे आधीच होतं, रंगीत, फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं. त्यात दुपारी ३ ते ४ "कामाची वेळ, हाक मारू नये" असं लिहिलेलं होतं. घरी येणारा पाहुणा फ्रिज वाचत नाही. सासूबाई वाचायच्या, पण गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात उभा असेल तर त्या तरी काय करणार!

आठवड्याची नोंद

त्याऐवजी तिघांनीही एक आठवडा नोंद ठेवावी असं ठरलं. पद्धत सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणाची घेतली: पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, त्या अर्ध्या तासात काय केलं एवढंच लिहायचं. "किती काम केलं" असं विचारलं की माणूस हिशेब मांडतो आणि स्वतःकडे झुकतं माप घेतो. रकाना भरताना ते जरा अवघड जातं. तिघांनी भरायचं यावर मी अडून राहिले. एकट्या वहिनींनी भरलं असतं तर तो त्यांच्यावरचा पुरावा झाला असता.

सासूबाईंचे रकाने नातीने भरले. त्या सांगायच्या, नात लिहायची. सगळ्यात प्रामाणिक कागद तोच होता.

वहिनींचा दिवस साडेपाचला, नळाला पाणी आलं की सुरू. डबा, मुलीची तयारी, सव्वासातला रिक्षावाले काका. साडेनऊला पुण्याच्या टीमची रोजची छोटी मीटिंग. त्यांची ठरलेली वेळ खरं तर दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ, कारण उन्हाळ्यात ब्रिटनचे सकाळचे ९ म्हणजे आपले दुपारचे दीड, आणि तिथलं ऑफिस संध्याकाळी ५ ला सुटतं तेव्हा इथे साडेनऊ वाजलेले असतात. म्हणजे कागदावर दहा ते साडेबारा हा वेळ मोकळा. प्रत्यक्षात त्यात पुण्याहून "एक छोटंसं बघता का?" येई आणि खालून "वहिनी, जरा खाली या की." बँक, विजेचं बिल, मुलीला आणायला जाणं, पावण्यांचा चहा. देऊळ जवळ असल्यामुळे अंबाबाईच्या दर्शनाला आलेले नातलग हक्काने या घरी टेकतात, आणि सून घरीच असते हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय.

आठवडाभराच्या नोंदीत दीड तास सलग एकच काम, असा तुकडा सापडला नाही. टेस्टिंगमध्ये हे महागात पडतं. तपासणीच्या पायऱ्या लिहिताना मध्ये तीनदा उठलं तर चौथ्यांदा पहिल्यापासून वाचावं लागतं. मग ते लिखाण रात्री साडेदहानंतर, सगळे झोपल्यावर.

एकूण तास मोजले तर ते भयंकर नव्हते. भयंकर होता तो पसारा. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली होती, आणि तिच्याबरोबर कामाचा विस्तार, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा काळ मधल्या सुट्टीसकट, साडेदहा तासांत बसवला होता. तास नेमके असले तरी ते दिवसभर विखुरले तर माणूस दिवसभर कामावरच राहतो, हे कायदा लिहिणाऱ्यांना कळलेलं होतं. वहिनींचा विस्तार बारा तासांच्या वर जात होता, आणि मधल्या फटी घरकामाने भरलेल्या होत्या.

ज्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणाची पद्धत आम्ही घेतली, त्याच्या २०२४ च्या फेरीत, घरकाम करणाऱ्यांपुरतं पाहिलं, तर बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांची ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषांची नऊ. कोणी कोणाचं काम उचललं असं यात काही दिसत नाही. दादांनी हे आकडे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "आमच्यात ८८ पण नसतील." त्यांच्या कागदावर खरोखरच नव्हते.

रात्री साडेदहानंतर कोण बोलावतं?

इथे प्रकरण वळलं. मी वहिनींना रात्रीच्या कामाचे रकाने पुन्हा बघायला लावले आणि प्रत्येकासमोर लिहायला सांगितलं: हे काम कोणी सांगितलं होतं? बऱ्याच ओळी कोऱ्या राहिल्या. रात्री अकराला आलेल्या मेसेजला उत्तर देणं, शनिवारी लॅपटॉप उघडून "काही आलंय का" बघणं, दुसऱ्याचं राहिलेलं काम आपणहून घेणं, हे कोणी मागितलेलं नव्हतं.

मग का करायचं? उत्तर मिळालं ते पावसाच्या निमित्ताने. जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी चढत होतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. त्या दिवसांत अख्खं कोल्हापूर हे दोन आकडे घोकत असतं. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या माणसांना तेच सुचतं. मंगळवार पेठेत पाणी आलं नाही, पण वीज आणि इंटरनेट अधूनमधून जात होतं. अशा एका दुपारी दोन तास काम थांबलं आणि वहिनींनी त्याबदल्यात दोन रात्री जागून काढल्या. मी विचारलं, पुण्यातल्या ऑफिसात वीज गेली असती तर? त्या म्हणाल्या, "तिथं गेली तर कंपनीची अडचण. इथं गेली तर माझी चूक."

इन्व्हर्टर त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतला होता. दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट कनेक्शनही, राखीव म्हणून. दोन्हींबद्दल कंपनीला कधी कळवलंसुद्धा नव्हतं. कळवलं तर "मग पुण्यालाच या" असं म्हणतील ही भीती.

आणि हाच हिशेब त्या खाली सोप्यातही चालवत होत्या. सासूबाईंनी मुलगी सांभाळली म्हणून नोकरी टिकली, तेव्हा कोणी हाक मारली तर नाही म्हणायचं नाही. घरून काम ही कंपनीने दिलेली सवलत, आणि नोकरी ही सासरने दिलेली सवलत. दोन्ही सवलतींची परतफेड त्या वेळेने करत होत्या. घरून काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत शिस्त, नियोजन, मोबाइल बाजूला ठेवणं असे सल्ले पुष्कळ दिले जातात; माझ्या मते त्यांचा इथे काडीचा उपयोग नव्हता. देणेकऱ्याला तुम्ही उत्तम घड्याळ दिलंत तरी तो देणेकरीच राहतो.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. झाला असता तरी वहिनींना तो कितपत पुरला असता, शंकाच आहे. साहेबाचा फोन कायद्याने थांबतो. आपण होऊन उघडलेला लॅपटॉप थांबत नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने घरून कामाची तरतूद आली ती बाळंतपणाच्या रजेनंतरची, तीही दोघांच्या संमतीने. मुलगी सात वर्षांची, त्यामुळे तो रस्ताही बंद.

कंपनीशी बोलणं

तेव्हा पहिलं काम ठरलं ते मॅनेजरशी बोलण्याचं, विनंतीच्या सुरात नव्हे. वहिनींना वाटत होतं की आपल्याला घरून काम दिल्याने कंपनीचं नुकसानच होतं. मी त्यांना चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास कंपनीचा प्रयोग सांगितला. सोळाशेहून जास्त कर्मचाऱ्यांवर झालेला तो अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि कामगिरीत फरक पडला नाही. अर्थात ते दोन दिवसांचं होतं, पूर्ण वेळ घरून कामाचं नव्हे, आणि ते मी लपवलं नाही. पण अनुभवी माणूस टिकला तर कंपनीचे पैसे वाचतात एवढा मुद्दा त्यातून नीट लागू होतो. वहिनी त्या विमा सॉफ्टवेअरवर टीममधल्या सगळ्यांपेक्षा जुन्या. सॉफ्टवेअर कुठे अडतं हे त्यांना पाठ.

त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. सकाळच्या मीटिंगऐवजी लेखी दोन ओळी पाठवणं: लगेच मान्य, उलट लीडने विचारलं की आधी का नाही सांगितलं. संध्याकाळची साडेसात ते सव्वाआठची ग्राहकाबरोबरची मीटिंग दुपारी घेणं: नामंजूर, ग्राहक हलणार नाही. तिसरी, त्या मीटिंगला मंगळवारी आणि गुरुवारी पुण्यातला सहकारी बसेल आणि बदल्यात शुक्रवारी रात्री नवी आवृत्ती गेल्यावरची शनिवारी सकाळची तपासणी वहिनी करतील: मान्य. ही अदलाबदल मला सगळ्यात मोलाची वाटली, कारण तिच्यात कोणी कोणावर उपकार केलेला नव्हता. शनिवारची सकाळ गेली हे खरं. पण ती काय गेली ते कागदावर आहे.

हे सगळं ईमेलने लिहून घेतलं. तोंडी ठरलेलं सहा महिन्यांनी कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि मॅनेजर तर बदलतातच.

घरात

कंपनी सोपी निघाली. घर अवघड होतं.

माडीचं दार लावून बसायचा प्रयोग पूर्वीच फसलेला. गल्लीत "दार लावून बसते" अशी चर्चा झाली आणि सासूबाईंना ती ऐकावी लागली. हेडफोन त्याहून वाईट. हाक ऐकू न येणं आणि ऐकून न ऐकणं यातला फरक खालच्या माणसाला कळत नाही. तारा राणी चौकाकडच्या भागात भाड्याने टेबल मिळतं, तेही वहिनींनी पाहिलं होतं. पण रात्री दहाला दुचाकीवरून परत यायचं म्हटल्यावर घरातून विरोध, आणि त्यांनाही ते नको होतं.

उपाय निघाला तो घरापासून पाच मिनिटांवरच्या अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात तशी साधी खोली, टेबल, पंखा, वाय-फाय. तिथे फोनवर बोलता येत नाही, आणि नेमकं तेच हवं होतं. ज्या कामात बोलावं लागत नाही ते काम, तपासणीच्या पायऱ्या लिहिणं, अहवाल, हे सकाळी दहा ते एक तिथे. महिन्याची फी एका साध्या साडीपेक्षा कमी. आता सकाळी वहिनी साडी किंवा ड्रेस नेसून, पिशवी घेऊन, चपला घालून घरातून बाहेर पडतात. पावण्यांना सासूबाई सांगतात, "कामावर गेल्या. एकला येतील." चार वर्षं हीच बाई त्याच कामावर होती, पण माडीवर. फ्रिजवरच्या कागदाने जे झालं नाही ते चपलांनी केलं. रात्रीचं लिखाण त्या महिन्यातच संपलं.

दुपारी दीडनंतर मात्र काम घरीच, माडीवर, कारण मीटिंगा असतात. तेव्हा हाका येतातच, पण सकाळचं काम सकाळी झालेलं असल्याने दोन मिनिटं खाली जाणं जड जात नाही.

भाकरीचा प्रश्न उरला. सासूबाई स्वतः भेटीला आल्या तेव्हा त्यांनी तो फार स्वच्छ मांडला. "सून ऑफिसला जायची तेव्हा मला ठाऊक होतं, ती नाही, मीच करायचं. आता ती वर आहे, तिचा आवाज येतो, आणि मी खाली भाकऱ्या थापतो. तेच काम, पण आता राग येतो." याला मी काय उत्तर देणार! हा राग खरा होता आणि तो सुनेवर नव्हता. विकतच्या भाकरीला त्यांनी नाही म्हटलं. स्वयंपाकाच्या बाईलाही नाही. हे दोन्ही त्यांच्या घरात चालणार नाही, विषय संपला.

मग दादा. कोल्हापुरात पुरुषाला तांबडा-पांढरा रस्सा येतो, मेथीची भाजी येत नाही, कारण रस्स्याला प्रेक्षक असतात. दादाही त्यातलेच. त्यांच्या कारखान्याला सुट्टी सोमवारी, वहिनींची शनिवार-रविवार, म्हणजे दोघांची सुट्टी कधी एकत्र येतच नाही, आणि हे त्यांच्या भांडणाचं एक जुनं कारण. ठरलं असं की सोमवारचा दोन्ही वेळचा स्वयंपाक दादांचा. पण या घरात सोमवारी मटण होत नाही. त्यामुळे त्यांना भाजी शिकावीच लागली, सासूबाईंच्या देखरेखीखाली. पहिले काही सोमवार खिचडीवर निघाले. इतर दिवशी ते साडेसातला घरी आले की गॅसजवळ उभे राहून भाकऱ्या भाजतात. थापायला अजून जमत नाही, थापतात सासूबाईच, पण आता खुर्चीवर बसून, ओट्याऐवजी कमी उंचीच्या टेबलावर. मंगळवारी आणि गुरुवारी वहिनींना मीटिंग नसते, त्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात येत नाहीत. भजनाला जातात.

ऑक्टोबर

हे सगळं बसलं आणि मोडलं. ब्रिटनचं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातं. २०२४ मध्ये तो दिवस २७ ऑक्टोबर, आणि दुसऱ्याच दिवशी वसुबारस. आपलं घड्याळ हलत नाही, त्यामुळे सव्वाआठला संपणारी मीटिंग सव्वानऊला संपायला लागली, नेमकी दिवाळीत, फराळाच्या धांदलीत. मुलगी नऊला झोपते. ज्या वेळेत आई तिच्याजवळ असायची तीच वेळ गेली. त्या पंधरवड्यात जुनी भांडणं जशीच्या तशी परत आली, दादांचं "घरात नसते" हे वाक्यसुद्धा.

यात कोणाचाही दोष नव्हता, आणि हे दर वर्षी होणार हे उघड होतं. म्हणून वर्षाचे दोन भाग केले. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरपर्यंत एक मांडणी, नंतरचे पाच महिने दुसरी. हिवाळ्यात वहिनी दुपारी एक तास उशिरा सुरू करतात, तो तास मुलीबरोबर जेवणाचा आणि तिच्या अभ्यासाचा. रात्री तिला दादा झोपवतात. मुलीला हे आवडलेलं नाही. तिने तसं स्पष्ट सांगितलंय, आणि यावर अजून उपाय सापडलेला नाही.

आणखीही गोष्टी राहिल्यात. वहिनींना टीम लीड व्हायचंय, आणि ते पद पूर्ण वेळ घरून काम करणाऱ्याला मिळेल असं त्यांना वाटत नाही. महिन्यातून चार दिवस पुण्याला जावं का, यावर घरात बोलणं चालू आहे. २३० किलोमीटरचा प्रवास, नणंदेकडे मुक्काम, आणि ते चार दिवस घर कोण बघणार. सासूबाई जा म्हणतात. दादा अजून गप्प आहेत.

पुढच्या मंजुरीच्या अर्जासोबत वहिनींनी राखीव इंटरनेट कनेक्शनचं आणि इन्व्हर्टरचं बिल जोडलं. इंटरनेटचे पैसे मिळाले. इन्व्हर्टर "धोरणात बसत नाही" म्हणून परत आला. त्यांनी ते बिल पुढच्या तिमाहीत पुन्हा पाठवलंय.